चंद्राकाकीच्या सहा ओळी

एका खाडीकाठच्या गावात एक प्रोग्रॅमर राहत होती. तिचं नाव प्रणिता भाटकर. प्रोग्रॅमर म्हणजे संगणकाला कामं सांगणारी बाई. संगणक अंगाने दणकट, पण अकलेने भोळा सांब. सांगाल तेवढंच करतो आणि सांगाल ते सगळं करतो, मग ते शहाणपणाचं असो की खुळेपणाचं. म्हणून त्याला काही सांगण्याआधी माणसाने दहादा विचार करावा. प्रणिता दोनदाच करायची. ती हुशार होती, आणि हुशार माणसांना फार घाई असते.

त्या गावात घरटी एक माणूस बोटीवर होता. बोट म्हणजे मासेमारीची होडी नव्हे, देशोदेशी माल नेणारं भलंमोठं जहाज. गडी एकदा चढला की नऊ-नऊ महिने जमिनीला पाय लागत नाही. भर समुद्रात फोन लागत नाही, परक्या बंदरात परवडत नाही. आकाशातल्या उपग्रहावरून आठवड्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी, प्रत्येक खलाशाला घरचं एक पत्र जाई, आणि बुधवारी त्याचं उत्तर येई. पत्र केवढं, तर संगणकाच्या एक हजार खणांत मावेल एवढंच.

आता इंग्रजीचं अक्षर एका खणात गुमान बसतं. आपल्या मराठीचा थाट मोठा. तिचं एक अक्षर तीन खण अडवतं, आणि वर काना, मात्रा, वेलांटी लागली की दरेकीला आणखी तीन. त्यामुळे व्हायचं काय, की लांब पत्र मधेच कापलं जायचं. एका घराने लिहिलं होतं, 'बाबा पडले होते, पण आता चांगले हिंडतात.' बोटीवर पोचलं, 'बाबा पडले'. तो पोरगा आठवडाभर नीट जेवला नाही.

हे ऐकून प्रणिताला चैन पडेना. तिने पदर खोचला आणि पत्रांसाठी एक वेबसाइट उभी केली. तिचं नाव ठेवलं पत्रपेटी. ती तिने पीएचपी नावाच्या भाषेत लिहिली, कारण पुष्कळशा वेबसाइटी आतून हीच भाषा बोलतात. या भाषेत दोन जुळ्या आज्ञा असतात. एक मजकूर आवळते, दुसरी उलगडते. पत्र इकडे आवळायचं, लहान करून पाठवायचं, आणि बोटीवरच्या संगणकाने ते पुन्हा उलगडायचं. प्रवासाला निघताना आपण गोधडीची वळकटी बांधतो, तसंच.

आवळणारी आज्ञा काही फेकून देत नाही, हे नीट लक्षात ठेवा. पत्रात 'बाळा' हा शब्द सात वेळा आला, तर ती तो एकदाच पुरता लिहिते. बाकीच्या सहा जागी नुसती खूण करते, की मागे बघ. उलगडणारी आज्ञा त्या खुणा वाचत जाते आणि सातही बाळांना आपापल्या जागी नेऊन बसवते. एक कानाही हरवत नाही.

पत्रं पुरती पोचू लागली. गाव खूष झालं. कुणी प्रणिताला कोकमाची सोलं आणून दिली, कुणी तिच्या दारात फणस ठेवून गेलं.

बोटीच्या कंपनीचे एक अधिकारी होते, शेजवलकर साहेब. त्यांच्याही कानावर ही गोष्ट गेली. ते गावात आले, चहा प्यायले आणि पत्रपेटी पाहून म्हणाले, "शंभर खणांचे तीस झाले. छान आहे. विसावर आणलंत तर आमच्या साठही बोटींना तुमचीच पेटी बसवू."

झालं. प्रणिताच्या डोक्यात वीसचा आकडा शिरला. जेवताना वीस, अंगण झाडताना वीस. माणसाच्या डोक्यात एकदा आकडा शिरला की बाकी सगळं दाराबाहेर उभं राहतं. तीसचे एकोणतीस झाले, अठ्ठावीस झाले, पण पुढे गाडी हलेना. आज्ञा आवळून आवळून तरी किती आवळणार?

आता चंद्राकाकीकडे जाऊ. चंद्राकाकी नाटेकर ही त्याच गावातली एक विधवा. तिचा नवरा दर्यात गेला, तेव्हा तिचा रूपेश सहा वर्षांचा होता. तिने कोळंबी सोलून, लोकांच्या आमराया राखून त्याला वाढवला. तिला वाटत होतं, पोरगा जमिनीवर राहील. पोरगा चोविसाव्या वर्षी बोटीवर निघाला. तेव्हा काकी दारात आडवी उभी राहिली आणि रागाच्या भरात म्हणाली, "बोटीवर पाय ठेवलास तर या घरात परत येऊ नको."

रूपेश पिशवी उचलून निघून गेला. तीनच दिवसांत काकीचा राग विरघळला आणि दुपारच्या जेवणाला तिने त्याचा पाट मांडला.

या पाटाची गोष्ट सांगायला हवी. त्या गावची रीतच होती. दर्यावर गेलेल्या माणसाचा पाट घरातली बाई दोन्ही वेळच्या जेवणाला मांडते. त्यावर कुणी बसत नाही, पण तो मांडलेला असतो, आणि पत्रात तसं लिहिलेलं असतं. माणूस घराने तोडला की पाट उचलतात, आणि पत्रातली ती ओळ थांबते. दूरच्या माणसाशी कुणी शब्दांनी भांडत बसत नाही. ओळ आली नाही की खलाशी काय ते ओळखतो.

काकीला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून दर गुरुवारी चारच्या सुमाराला ती प्रणिताकडे यायची. चपला बाहेर काढायची, खुर्ची असून जमिनीवर बसायची, डोळे मिटायची आणि पत्र सांगायची. दर गुरुवारी तेच पत्र.

"रूपेश, बाळा, मी खुशाल हाय. तू वेळेवर जेवत जा. भर वाऱ्यात उघडा उभा राहू नको. कुणाशी भांडण काढू नको. गावदेवीला रोज तुझं नाव सांगते. तुझा पाट मांडलेला हाय."

सहा ओळी. ना एक शब्द इकडे, ना एक तिकडे. त्यांच्यामागे कधी गावची एखादी बातमी यायची, कधी तीही नाही. 'माझं चुकलं' हे शब्द काकीच्या तोंडात आयुष्यात आले नव्हते. तिची माफी त्या सहाव्या ओळीत होती, आणि रूपेशला ते बरोबर कळत होतं. त्याची उत्तरंही मोकळी यायची. अमुक बंदर पाहिलं, तमुक मासा पाहिला, आचारी आमटीत साखर घालतो.

प्रणिता मात्र टंकताना कंटाळायची. "काकी, हे सगळं मागच्या वेळी लिहिलंय गो," ती म्हणायची.

"मग पुन्हा लिही," काकी म्हणायची.

सातवा महिना संपत आला तेव्हा रूपेशचं एक वेगळंच पत्र आलं. प्रणिताने ते काकीला वाचून दाखवलं. 'आई, तुझ्यापासून लपवत नाही. मला दर्याच आवडतो. मी जन्मभर हेच काम करणार. तुला दुःख होईल, पण खोटं बोलून तुझ्या पुढ्यात बसायचं नाही.'

काकीच्या डोळ्यांपुढे तिचा नवरा आला असणार. मग तिने पदराने नाक पुसलं आणि डोळे मिटले. तिने त्याच सहा ओळी सांगितल्या. शेवटी म्हणाली, "मिरच्या वाळत घातल्या. म्हादूच्या म्हशीला रेडकू झालं. आणि पाटाची ओळ आणखी एकदा लिही."

"दोनदा कशाला? एकदा लिहिलं तरी कळतं."

"तुला कळतं गो बाय. त्याला कळूदे."

प्रणिताने लिहिलं. काकी गेली. आणि तिथेच, त्या रिकाम्या खोलीत, प्रणिताच्या डोक्यात तो किडा वळवळला. जे एकदा सांगून झालंय ते पुन्हा कशाला पाठवायचं? आज्ञा खुणा करते, तेवढीही जागा जातेच. त्यापेक्षा आवळण्याआधी एक गाळणी लावू. आधीच्या पत्रांत येऊन गेलेलं वाक्य पुन्हा दिसलं, की ते काढूनच टाकायचं. नवं तेवढं पाठवायचं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

गाळणी लिहायला तिला दीड तास लागला. आकडा धाडकन एकोणीसवर आला. प्रणिता खुर्चीतच टुणकन उडाली. या धंद्यातला एक जुना नियम आहे. आवळलेलं उलगडून बघावं, आणि माणसाने आपल्या हाताने लिहिलेल्या मूळ पत्राशी अक्षर न् अक्षर ताडावं. प्रणिताने ते काम संगणकावर सोपवलं होतं. संगणकाने ताडलं आणि सांगितलं, बरोबर आहे. तो भोळा सांब खोटं बोलला नाही. त्याने गाळलेलं पत्र आवळलं होतं आणि गाळलेलंच उलगडलं होतं. दोन्ही तंतोतंत जुळली. गाळण्याआधीचं पत्र त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. वर जागा वाचावी म्हणून प्रणिताने मूळ पत्रं ठेवायचंही बंद केलं.

बाकीच्या घरांना फारसं काही जाणवलं नाही. लोक दर आठवड्याला वेगळं लिहितात. एखादं 'काळजी घे' गळलं, एखादं 'पत्र पाठव' गळलं, कुणाच्या लक्षात यायचं? शब्दाला शब्द तेच सांगणारी गावात एकटी चंद्राकाकी होती.

रूपेशची उत्तरं आखडत गेली. आधी चार वाक्यं, मग दोन. मग नुसतं 'बरा आहे. काम आहे.' काकी विचारायची, "एवढंच?" प्रणिता म्हणायची, "कामात असेल गो." काकी मान हलवायची आणि आपल्या सहा ओळी सांगायची. असे सात गुरुवार गेले. रूपेशची नऊ महिन्यांची मुदत भरत आली. काकीने त्याची गादी उन्हात टाकली, तांदळाचं पीठ दळून आणलं, आणि येईल त्याला पोराच्या येण्याचा दिवस सांगितला.

आठव्या गुरुवारी प्रणिताने त्याचं आलेलं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं.

'आई, रविवारी बोट बंदराला लागते. माझी मुदत संपली. पण मी घरी येत नाही. बंदरातच पुढच्या नऊ महिन्यांची सही करतो. त्याच्या पुढचंही तसंच बघू. तू पाट उचललास, ते तुझ्या जागी बरोबर आहे. माझा राग नाही. तब्येत सांभाळ.'

प्रणिता वाचताना अडखळली, पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. काकी जमिनीवर बसली होती. तिने आधी प्रणिताकडे पाहिलं, मग संगणकाकडे पाहिलं.

"पाट उचलला?" ती म्हणाली. "मी कधी उचलला? आज दुपारी मांडलाय. तू लिहीत होतीस ना गो, मी सांगते तसं?"

"लिहीत होते, काकी."

"मग त्याला असं कोण बोललं?"

प्रणिताने खुर्ची संगणकाकडे वळवली. "मी बघते," एवढंच ती म्हणाली. काकी त्या दिवशी पत्र न सांगताच उठली. दारात तिला चपला सापडेनात. पायांपुढेच होत्या.

ती गेल्यावर प्रणिताने बोटीवर गेलेल्या आवळलेल्या पत्रांची सात पाकिटं एकामागून एक उलगडली. पहिल्यात होतं, 'मिरच्या वाळत घातल्या. म्हादूच्या म्हशीला रेडकू झालं.' बास. पोराने आपलं काळीज उघडं करून आईपुढे ठेवलं होतं, आणि त्याला उत्तर गेलं होतं म्हशीचं. दुसऱ्यात होतं, 'मिरच्या बरणीत भरल्या.' तिसऱ्यात पेरूला बार आला होता. पाचवं पाकीट उलगडलं तर आत काहीच नव्हतं. त्या आठवड्यात काकीला नवीन बातमी सुचली नव्हती.

प्रणिता त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसली. भर समुद्रात एक पोरगा आठवडाभर वाट बघून पत्र उघडतो आणि पत्र कोरं निघतं, हे तिला आता दिसलं. तिला रडू फुटलं.

मग माणसाच्या मनात जे येतं ते तिच्याही आलं. गाळणी गुपचूप काढून टाकावी. उद्या काकीचं पत्र पुरतं जाईल. मागचं कुणी विचारलंच तर उपग्रहात बिघाड होता म्हणावं. उपग्रह काही खाली उतरून भांडायला येत नाही. शनिवारी शेजवलकर साहेब आकडा बघायला येणार होते, साठ बोटींचं काम हातातोंडाशी आलं होतं. आणि एक पत्र पुरतं गेलं की रूपेशला सगळं कळेल, असं तिने स्वतःला समजावलं.

पण ते तिचं तिलाच पटेना. सात आठवडे गप्प राहिलेल्या आईकडून, आपण येत नाही म्हटल्यावर एकदम पाटाची ओळ आली, तर पोरगा काय समजेल? आई घाबरली म्हणून लिहिलं, मनापासून नाही, एवढंच समजेल. त्याला मधली सात पत्रं हवी होती. ती तर प्रणिताने पुसून टाकली होती. आवळलेलं उलगडता येतं. फेकलेलं परत आणणारी आज्ञा पीएचपीत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या भाषेतही नाही.

ती सगळी पत्रं आता फक्त एका माणसाच्या ध्यानात असतील, हे तिला माहीत होतं. तिथे जायचं म्हणजे खरं सांगावं लागणार होतं. प्रणिताने तोंडावर पाणी मारलं आणि उन्हं उतरायच्या आत ती काकीच्या घरी गेली.

काकी चुलीपाशी नुसतीच बसली होती. भात शिजला होता. समोर दोन पाट मांडलेले होते.

प्रणिता उंबऱ्यातच उभी राहिली. "काकी, तुझ्या ओळी मी काढल्या," ती म्हणाली. "उपग्रहाने नाही, संगणकाने नाही. मी काढल्या. सात आठवडे त्याला पाटाची ओळ गेली नाही."

काकी हळूच म्हणाली, "का काढल्यास?"

"मला वाटलं, तेच तेच आहे. एकदा सांगून झालंय."

"तेच हाय," काकी म्हणाली. "काल होतं ते आजपण हाय, हेच तर त्याला सांगायचं होतं."

प्रणिताला तोंड वर करवेना. ती तिथेच खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. काकीलाही राग आलाच होता. आईच ती. "माझ्या पोराने सात आठवडे कसे काढले असतील गो," ती म्हणाली. मग काकीनेच प्रणिताच्या पाठीवर हात ठेवला.

"रडून पत्र जात नाय," ती म्हणाली. "कागद घे. मी सांगते."

"तुला सातही आठवतात?"

"सहा ओळी त्याच. पुढच्या बातम्या तेवढ्या वेगळ्या. मिरच्या, रेडकू, बरणी, पेरू. एका वेळी काय सुचलं नव्हतं. सगळं आठवतं."

"पण काकी, सात पत्रं एका पाकिटात मावतील की नाही, मला सांगता येत नाही."

"मी सात वेळा सांगितलं होतं. सात वेळाच जाऊदे. मावत नसलं तर म्हस काढ. पाट काढू नको."

शुक्रवारी सकाळी प्रणिताने पहिलं काम केलं ते गाळणी पुसून टाकायचं. मग सातही पत्रं एकाखाली एक टंकली. दर वेळी त्याच सहा ओळी, आणि पहिल्या पत्रात पाटाची ओळ दोनदा. शेवटी तिने स्वतःचं लिहिलं. 'रूपेश, ही पत्रं तुझ्या आईने सात गुरुवारी सांगितली होती. ओळी मी गाळल्या. तिने पाट एकदाही उचललेला नाही. चूक माझी आहे. प्रणिता.'

खण मोजले तर चार हजारांच्या घरात गेले. पाकिटात मावणार हजार. नेहमीसारखे शंभराचे अठ्ठावीस झाले, तरी अकराशे होणार होते. एक पत्र जरी कमी केलं तरी तो गुरुवार रूपेशला कोराच राहणार होता. तिने देवाचं नाव घेतलं आणि आवळायची आज्ञा दिली.

हजारही भरले नाहीत.

तिने पुन्हा मोजलं. तेवढेच. मग तिला उमगलं. पहिल्या पत्राने काय ती जागा घेतली होती. पुढच्या सहांमध्ये आज्ञेने जागोजागी खूण केली होती, की मागे बघ, तेच आहे. काकीचं तेच तेच बोलणं आज्ञेला जड झालं नव्हतं, उलट त्यानेच ओझं हलकं झालं होतं. जड झालं होतं ते एकट्या प्रणिताला.

या वेळी तिने पाकीट उलगडलं आणि कागदाशी ताडून पाहिलं. सात वेळा खुशाल, सात वेळा वारा, सात वेळा गावदेवी, आठ वेळा पाट. बोट ठेवून ठेवून मोजलं. मग दुपारी बाराला पत्र पाठवलं.

शनिवारी शेजवलकर साहेब आले. आकडा पुन्हा अठ्ठावीसवर गेलेला पाहून त्यांनी चष्मा काढला. प्रणिताने त्यांना काहीही न लपवता सांगितलं.

"हे कुणाच्या लक्षात आलं नसतं," साहेब म्हणाले.

"ज्याच्या यायला नको होतं, त्याच्याच आलं," प्रणिता म्हणाली.

साहेबांनी चहा संपवला आणि कळवतो म्हणून गेले. त्यांनी पुढे काही कळवलं नाही. प्रणिताला वाईट वाटलं, वाटायचंच. पण तिने साहेबांच्या मागोमाग घराला कडी लावली आणि ती गावात निघाली. पत्रपेटीतून लिहिणाऱ्या एकेका घरी जाऊन तिने सांगितलं, की सात आठवडे तुमच्या पत्रांतून वाक्यं गळली, ती मी गाळली. कुणी म्हणालं, असूदे. कुणी चांगलं फैलावर घेतलं. एका म्हातारबांनी तर तिला दारातच उभं करून विचारलं, "आमच्या सुनेचं एक वाक्य गेलं, ते कुठलं गो?" तिला सांगता येईना.

रविवार आला. त्या दिवशी बोट कुठल्यातरी दूरच्या बंदराला लागली असणार. रूपेशच्या पुढे सहीचा कागद आला असणार. शुक्रवारचं पत्र त्याने उघडलं की रागाने तसंच ठेवलं, हे इथे कुणालाच कळायला मार्ग नव्हता. सोमवार गेला, मंगळवार गेला. काकी प्रणिताकडे फिरकली नाही. तिला विचारायचं भय वाटत होतं.

बुधवारी पत्र आलं. प्रणिताने ते मोबाइलवर घेतलं आणि गुरुवारची वाट न बघता काकीच्या घरी धावत गेली. काकी परसात केळीला पाणी घालत होती. प्रणिताला पाहून तिने कळशी खाली ठेवली.

प्रणिताने वाचलं. 'आई, सात पत्रं एकदम उलगडली. मी ती बोटीच्या कठड्याशी उभा राहून वाचली, मग आत येऊन पुन्हा वाचली. सहीचा कागद मी परत दिला. दर्या सोडणार नाही, हे तुला सांगितलंय, त्यात बदल नाही. पण आधी घरी येतो. पुढच्या सोमवारी पोचेन. पाचव्या पत्रात बातमी नव्हती, तेच मला सगळ्यात आवडलं. प्रणिताताईला सांग, राग आला होता. तिने स्वतःचं नाव लिहिलं म्हणून गेला.'

काकी ऐकत होती. तिच्या ओल्या हातांतून पाणी ठिबकत होतं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

प्रणिताने पुन्हा वाचलं.

"आणखी एकदा."

प्रणिता केळीच्या बुंध्याशी खाली बसली, आणि तिने 'आई' या पहिल्या शब्दापासून सगळं पत्र सावकाश वाचलं. एकही शब्द गाळला नाही.

तात्पर्य: ओझं हलकं करायला वळकटी हवी तेवढी घट्ट बांधा, पण उलगडल्यावर मूळचं सगळं हाती येतंय ना, हे आपल्या डोळ्यांनी ताडून पाहा. मायेचं माणूस तेच तेच सांगतं ते जास्तीचं नसतं. आणि आपल्या हातून ते गळलंच, तर दुसऱ्यावर न ढकलता ज्याचं गळलं त्याच्या दारात जाऊन सांगा.